स्वस्थ घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गवंड्याची दिरंगाई, सिमेंटचे भाव आणि शेजाऱ्याशी हद्दीवरून होणारे वाद ज्याने अनुभवले आहेत, त्याला तिचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. तथापि या म्हणीत एक उणीव आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. घर बांधण्याचे कष्ट वर्षा-दोन वर्षांत संपतात. बांधलेल्या घरात राहण्याचे कष्ट मात्र पुढची चाळीस-पन्नास वर्षे भोगावे लागतात, आणि त्यांच्याविषयी ती म्हण अवाक्षर काढीत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझे एक स्नेही आपल्या नियोजित बंगल्याचा आराखडा घेऊन माझ्याकडे आले. जागा नागपूरची, पैशाची वाण नाही. ‘घर आलिशान हवे, पण विजेचे बिल पाहून धडकी भरता कामा नये,’ अशी त्यांची अट होती. आराखड्यात सात वातानुकूलन यंत्रांच्या जागा अगोदरच खुणावून ठेवल्या होत्या आणि दिवाणखान्याला पश्चिमेकडे अखंड काचेची भिंत होती. मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. सरकारी नोकरीत इमारतींच्या पुष्कळ नस्त्या हाताखालून गेल्या आणि स्वतःच्या घराने एक धडा शिकविला, एवढाच या विषयातील माझा अधिकार. तो धडा मी स्नेह्यांना सांगितला, आणि येथेही आधी तोच सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मी नागपुरात घर बांधले, तेव्हा वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला मोठी खिडकी असलेली खोली सर्वांत उत्तम म्हणून आईसाठी राखून ठेवली. पहिल्याच वैशाखात एके रात्री अकराच्या सुमारास मी वर गेलो. यंत्र घरघरत होते, आणि आई पलंगावर बसून पदराने वारा घेत होती. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, तर ती दुपारची असावी तशी तापलेली होती. त्याच रात्री वस्तीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. यंत्र बंद पडले आणि अर्ध्या तासात त्या खोलीत बसणे अशक्य झाले. दुसऱ्या दिवशी आईने आपले अंथरूण खाली मागच्या पडवीत हलविले. ‘खोली तुझी चांगली आहे रे, पण ती रात्री निजत नाही,’ एवढेच ती म्हणाली. तिचे वय तेव्हा बहात्तर होते. घरातली सर्वांत महागडी खोली वृद्ध माणसाला झोपण्यायोग्य नाही, हे कळल्यावर मी त्या खोलीचा दोष शोधू लागलो. तो यंत्रात नव्हता; ती बांधण्यापूर्वी मी जो विचार केला नाही त्यात होता.

युरोपात अशा विचारपूर्वक बांधलेल्या घराला ‘पॅसिव्ह हाउस’ म्हणतात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे बो अ‍ॅडमसन आणि जर्मनीचे वोल्फगांग फाइस्ट यांच्यात १९८८ साली झालेल्या चर्चेतून ही कल्पना आकाराला आली. जर्मनीतील डार्मश्टाट या नगरात १९९१ साली चार कुटुंबांची एक चाळवजा इमारत तिच्याप्रमाणे उभी राहिली. तेथील प्रश्न थंडीचा होता. त्यांनी भिंती, छप्पर आणि खिडक्या यांना उष्णतारोधक थरांचे इतके दाट पांघरूण घातले, आणि फटी इतक्या काटेकोरपणे बुजविल्या, की माणसांच्या अंगची ऊब, स्वयंपाकाची ऊब आणि हिवाळ्यातले कोवळे ऊन यांवरच घराचा बहुतेक निभाव लागावा. दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५ युनिटांहून अधिक उष्णता बाहेरून पुरवावी लागू नये, ही त्यांनी घातलेली मर्यादा प्रसिद्ध आहे.

या संज्ञेचे भाषांतर ‘निष्क्रिय घर’ असे करतात, ते मला रुचत नाही. निष्क्रिय म्हटले की आळशी वाटते, आणि हे घर तर अहोरात्र काम करीत असते. फक्त त्याचा आवाज होत नाही. आपल्या भाषेत याहून चांगला शब्द आहे, तो म्हणजे ‘स्वस्थ’. जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे, ज्याला टेकायला दुसऱ्याचा खांदा लागत नाही, तो स्वस्थ. उष्ण प्रदेशात असे घर बांधावयाचे तर डार्मश्टाटचा आराखडा उचलून आणून चालणार नाही, त्यामागचा विचार मात्र उलटा करून घेता येईल. त्यांना आतली ऊब बाहेर जाऊ द्यावयाची नव्हती. आपल्याला बाहेरची आत येऊ द्यावयाची नाही.

ती येते कोठून, हे पाहण्यासाठी प्रथम आकाशाकडे पाहावे लागते. नागपूर २१ अक्षांशाच्या किंचित उत्तरेला आहे. मे महिन्याच्या २६ तारखेच्या सुमारास तेथे मध्यान्ही सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीला सावली राहत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. त्याचा सारा भार छपरावर असतो. निरभ्र आकाशात भरदुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट इतके ऊन कोसळते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर मे महिन्यातल्या एका दिवसात ६०० युनिटांहून अधिक उष्णता ओतली जाते. पुष्कळ कुटुंबे महिनाभरातही एवढी वीज वापरीत नाहीत. काँक्रीटचा उघडा स्लॅब या उष्णतेचा मोठा हिस्सा शोषून घेतो, त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता तो खालच्या खोलीत सोडू लागतो.

म्हणून स्वस्थ घराचा आरंभ पायापासून न होता छपरापासून होतो. छपरासाठी तीन उपाय आहेत आणि ते एकमेकांना पूरक आहेत. पहिला रंगाचा. करडे काँक्रीट जेमतेम तिसरा हिस्सा ऊन परत पाठविते, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग सत्तर-ऐंशी टक्के पाठवू शकतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरसबंदी करण्याची आपली रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. फक्त ती धुतलेली राहिली पाहिजे, कारण धुळीने तिचे तेज उतरते. दुसरा उपाय रोधक थराचा. स्लॅबवर, कोब्याच्या खाली, दोन इंच जाडीचा उष्णतारोधक फोमचा थर घातला, तर छपरातून झिरपणारी उष्णता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. हा थर स्लॅबच्या वर हवा; खालून लावला तर स्लॅब तापतोच. तिसरा उपाय सावलीचा. गच्चीवर माणूस उभा राहील इतक्या उंचीवर सौर पॅनेलचा मांडव घातला, तर जे ऊन घर तापविणार होते तेच वीज निर्माण करते, आणि मांडवाखालून वारा वाहत राहतो.

छपरानंतर शत्रू दोन, पूर्व आणि पश्चिम; आणि त्यांत पश्चिम अधिक कठोर, कारण तिचे ऊन येते तेव्हा हवाही तापलेली असते. दक्षिणेचे ऊन अडविणे सोपे, कारण ते उंचावरून येते. पश्चिमेचे ऊन तिरपे आत घुसते. चार फूट उंचीच्या पश्चिमेकडील खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मे महिन्यात दुपारी चार वाजता त्याची सावली काचेवर दीड फूटच उतरते, आणि पाच वाजता फूटभरही नसते. माझ्या आईच्या खोलीवर असा छज्जा होता. तो बांधताना आम्ही पावसाचा विचार केला होता, उन्हाचा नव्हे. सहा फूट बाय आठ फुटांच्या त्या साध्या काचेतून उतरत्या दुपारी दोन किलोवॉटहून अधिक उष्णता आत येत असावी. दोन इस्त्र्या तापवून खोलीत ठेवाव्यात, त्यातला हा प्रकार. आतून जाड पडदा लावला होता खरा, परंतु काच ओलांडून आत आलेली उष्णता पडद्याने अडत नाही. ती पडद्यात मुरते आणि खोलीतच राहते. ऊन अडवावयाचे ते काचेच्या बाहेर. बांबूचे चिक, लाकडी झडपा, जाळीदार भिंत, वेलींचा मांडव, हे सारे बाहेरचे पहारेकरी होत.

भिंतीचे गणित थोडे निराळे आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीला एका बाजूने ऊन लागले, तर त्याची झळ दुसऱ्या बाजूस सहा ते आठ तासांनी पोहोचते. पश्चिमेची भिंत चार-पाच वाजता सर्वाधिक तापते. म्हणजे ती उष्णता खोलीत उतरते रात्री अकरा-बाराला, नेमकी झोपेच्या वेळी. ‘खोली रात्री निजत नाही’ या आईच्या वाक्याचे शास्त्र एवढेच आहे. यास्तव घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे मोठ्या बाजू उत्तर-दक्षिण होतात आणि उन्हाला अरुंद बाजू सापडतात. पश्चिमेला जिना, स्नानगृह, कोठी, भिंतभर कपाटे अशी माणसांचा फारसा वावर नसलेली दालने योजावी, आणि त्यापलीकडे जागा असेल तर कडुनिंब लावावा. त्याची पाने शिशिरात गळतात आणि चैत्रात, ऐन गरजेच्या वेळी, नवी पालवी भरते.

आपल्या जुन्या वाड्यांत हे ज्ञान होते, असे म्हटले की आधुनिक मनुष्य हसतो. परंतु वाड्याची जाड मातीची भिंत, वरचे माळवद, मधला चौक आणि त्याभोवतीची ओसरी ही एकच यंत्रणा होती. दिवसा दारे-खिडक्या बंद, रात्री उघड्या. रात्रीचा गार वारा भिंतींतली ऊब काढून घेई आणि दुसऱ्या दिवसासाठी भिंत गार होऊन बसे. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भातल्या रात्री पुरेशा थंड असतात, तेव्हा ही रीत आजही उत्तम चालते. अतिरेकी उन्हाळ्याच्या दोन-चार आठवड्यांत रात्रही तापलेली असते, तेव्हा तिची शक्ती क्षीण होते, हे मान्य केले पाहिजे. जुन्याची आरती करून उष्मा कमी होत नाही. जुन्या भिंतीवर नव्या रोधक थराचे पांघरूण घातले, तर मात्र दोन्हींचा लाभ होतो.

आपला देश एका हवामानाचा नाही, हेही विसरता येत नाही. विदर्भात आणि राजस्थानात जे शहाणपण, ते कोकणात किंवा चेन्नईत चूक ठरू शकते. समुद्रकाठी दिवस आणि रात्र यांत फारसा फरक नसतो आणि हवा घामाने जडावलेली असते. तेथे बंद पेटी कामाची नाही. वाहता वारा आणि दाट सावली हीच तेथील भिंत. पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील ‘गोलकोंड’ हे वसतिगृह याचा उत्कृष्ट नमुना आहे. अँटोनिन रेमंड यांनी १९३० नंतरच्या दशकात त्याची रचना केली. इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण आहेत आणि त्या बाजूंना भिंतीऐवजी हलविता येणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत. ऊन व पाऊस बाहेर राहतात, वारा आरपार जातो. छप्परही दुहेरी आहे. वरच्या वक्र कवचांनी ऊन झेलावे आणि मधल्या पोकळीतून हवा खेळावी, अशी योजना. तेथील शांतता आणि ऐसपैसपणा हे राजवाड्याचे गुण आहेत, आणि ते यंत्राविना साधले आहेत. उलट टोकाला, चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ च्या सुमारास अहमदाबादेत एक अरुंद, कमी खर्चाचे घर बांधले. तापलेली हवा छताच्या उताराने चढून वरच्या झरोक्यातून निघून जावी, असा त्याचा छेद होता. ही दोन्ही उदाहरणे मी स्नेह्यांना मुद्दाम दिली. उत्तम विचार श्रीमंताच्या मालकीचा नसतो, हे त्यांतून दिसते.

आता यंत्राविषयी. स्वस्थ घर यंत्राचे वैरी नाही. जे काम घराच्या देहाने करावयाचे ते त्याने केल्यावर उरलेले काम यंत्राकडे सोपवावे, एवढाच त्याचा आग्रह. पंख्याचे उदाहरण घ्या. अंगावर मंद वारा आला की तीच हवा दोन-तीन अंशांनी गार भासते. पूर्वीचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेई, नव्या पद्धतीच्या मोटरीचा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेच काम करतो. वैशाखाच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व वापरणारा कूलर ४३ अंशांची हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरवू शकतो. तोच कूलर आषाढात मात्र केवळ दमटपणा वाढवितो, आणि तेव्हाच वातानुकूलन यंत्राची खरी गरज लागते. ते निवडताना आपण ‘दीड टन’, ‘दोन टन’ असे बोलतो. तो टन बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी खोलीतून काढणारे यंत्र म्हणजे एक टनाचे, साधारण साडेतीन किलोवॉटचे. आईच्या खोलीतली खिडकी एकटीच या टनाचा दोन-तृतीयांश भाग खाऊन टाकीत होती. आम्ही यंत्र विकत घेतले ते माणसासाठी, आणि राबविले ते खिडकीसाठी.

खोली किती गार असावी, याविषयीही आपली समजूत तपासण्यासारखी आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातील पाच शहरांच्या कार्यालयांत केलेल्या अभ्यासातून २०१४ मध्ये असे दिसून आले, की मनुष्याचे शरीर बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेते. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपासही माणसे समाधानी असतात. १ जानेवारी २०२० पासून देशात घरगुती वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर लावूनच विकली जावीत, असा नियम झाला. १८ अंशांत रजई पांघरून निजणे याला काही लोक सुख समजतात. मला ती श्रीमंतीची नव्हे, गोंधळाची खूण वाटते.

नियमांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१८ च्या डिसेंबरात ऊर्जा दक्षता ब्युरोने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. थंड प्रदेश वगळता घराच्या भिंती-खिडक्यांतून सरासरीने दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, असे तिच्या पहिल्या भागात सांगितले आहे. माझा जन्म नस्त्यांत गेला असल्यामुळे संहितांवर माझी श्रद्धा आहे, परंतु कागदावरची मर्यादा भिंतीत उतरण्यासाठी घरमालकाने प्रश्न विचारला पाहिजे. फरशी कोणती, नळ कोणता, हे आपण दहा दुकाने हिंडून ठरवितो. ‘छपरात काय घालणार?’ हा प्रश्न किती जण विचारतात? मी स्वतः विचारला नव्हता.

यात आपल्या कुंपणापलीकडचाही एक प्रश्न आहे. वातानुकूलन यंत्र उष्णता नष्ट करीत नाही. ते आतली बाहेर टाकते आणि चालण्यासाठी घेतलेल्या विजेची उष्णता तीत मिळविते. सात यंत्रांचा बंगला आपल्या मागच्या गल्लीत रात्रभर गरम फुंकर घालीत असतो, आणि त्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली कोणी तरी निजलेले असते. अहमदाबादेने २०१३ साली उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले. ज्यांना सात यंत्रे परवडतात त्यांनी आपले छप्परही पांढरे करू नये, हे बरे दिसत नाही.

स्नेह्यांचा आराखडा पुढे पुष्कळ बदलला. घराचे तोंड वळले, काचेची भिंत उत्तरेच्या ओसरीकडे गेली, पश्चिमेला जिना आणि कोठी आली, मध्ये छोटा चौक आला. छत दोन फुटांनी उंच झाले, गच्चीला रोधक थर आणि वर सौर पॅनेलचा मांडव मिळाला. यंत्रांच्या सात जागांपैकी तीन राहिल्या. ‘मग यात आलिशान काय राहिले?’ असे त्यांनी अर्धवट थट्टेने विचारले. मी म्हटले, भरदुपारी अनवाणी चालता येईल अशी गार फरशी, कानावर यंत्राची घरघर न येता लागलेली झोप, आणि वीज गेली तरी न घाबरणारी खोली. याहून मोठी चैन नागपूरच्या उन्हाळ्यात मला ठाऊक नाही.

माझ्या घरात मला नवा आराखडा करता आला नाही. झालेल्या चुकीला ठिगळे लावावी लागली. गच्ची पांढरी केली, तिच्यावर मांडव घातला, खिडकीचा अर्धा भाग विटांनी बुजविला आणि उरलेल्या भागावर बाहेरून बांबूचा चिक सोडला. हे सारे बांधतानाच केले असते तर याच्या निम्म्या त्रासात झाले असते. गेल्या वैशाखात आई पुन्हा वर राहायला गेली. एका रात्री वीज गेली तेव्हा मी कंदील घेऊन धावत वर गेलो. ती झोपली होती. भिंतीला हात लावून पाहिला आणि आवाज न करता दार लोटून घेतले.